टोचे न मारलेलं वांगं

संध्याकाळी आठ वाजले की आमच्या पोलीस लाइनीतल्या प्रत्येक घरातून एकच संगीत ऐकू यायचं. पोलिसांची मालिका लागायची. दिवसभर पोलीस बघून कंटाळलेल्या बायका रात्रीच्या भाकऱ्या उरकून पुन्हा पोलीसच बघायला बसायच्या, यावर मला तेव्हाही हसू यायचं. आमच्या घरी टीव्ही जरा मोठा होता, म्हणून लाइनीतल्या तीन-चार जणी आमच्याकडे यायच्या, त्यात माझी शेजारीणही. तिचा नवरा ठाण्याच्या जीपवर ड्रायव्हर होता आणि माझा नवरा त्याच ठाण्यात हवालदार. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत होती आणि ती इतकी पातळ होती की त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकून मी माझा गॅस बंद करायची.

मालिकेतला इन्स्पेक्टर देखणा होता. त्याच्या गणवेशाची इस्त्री कधी मोडायची नाही. पंचनामा लिहिताना तो कधी दिसला नाही, बंदोबस्तात उभं राहून त्याच्या पायाला गोळे आले नाहीत, आणि त्याची बायको स्वयंपाकघरात सुद्धा लग्नाला निघाल्यासारखी नटलेली असायची. त्याला घडवणारा, हाताला धरून शिकवणारा एक मोठा साहेब होता. त्या साहेबाने एका गरिबाचा जीव गेलेलं प्रकरण दाबलं होतं आणि ते इन्स्पेक्टरला कळलं होतं. आता गुरूशी इमान राखायचं की खरं बोलायचं, यावर ती मालिका महिनोन्महिने चालली. शेजारीण पदराने डोळे पुसायची. माझा नवरा ड्यूटीवरून आला की बूट काढता काढता बघायचा आणि म्हणायचा, "असं नही ऱ्हास पोलिसमा." म्हणायचा, पण उठायचा नाही. जाहिराती लागल्या की मग हातपाय धुवायला जायचा.

मी मूळची जळगावकडची. धुळ्यात दिली, एवढंच. लाइनीत सगळ्या जणी अहिराणीत बोलायच्या आणि मी पुस्तकातल्यासारखी बोलते म्हणून मला चिडवायच्या. पण हिवाळा आला की माझा भाव वाढायचा, कारण भरीत. आमच्याकडची हिरवी, लांबट, पांढुरक्या रेघांची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची आणि कांद्याची पात. शेतात वीस-पंचवीस माणसं जमवून भरीत खाण्याची आमच्याकडे जी रीत आहे, ती धुळ्याकडच्या लोकांनी उचलली; पण उचलताना अर्धी सांडली, असं मी त्यांना तोंडावर सांगायची. त्या हिवाळ्यात ठाण्याच्या साहेबांना भरीत पार्टीचं आमंत्रण आलं. जळगावजवळ त्यांच्या कुणा ओळखीच्याचं शेत होतं. रविवारी दुपारी साहेब, माझा नवरा आणि ड्रायव्हर भाऊ ठाण्याच्या जीपने गेले. सरकारी गाडीने दुसऱ्या जिल्ह्यात भरीत खायला जायचं नसतं हे मला सुद्धा कळतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

दिवेलागणीला ते परत आले. नवरा सरळ मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ड्रायव्हर भाऊ दारात उभे होते, उजव्या हाताला साहेबांचा रुमाल गुंडाळलेला. मागे त्यांची बायको घाबरून काय झालं, काय झालं म्हणत होती. मी रुमाल सोडला. तळहातापासून बोटांच्या मुळापर्यंत कातडी सोलवटून फोड आले होते. बघताच मी ओळखलं.

"टोचे मारले नव्हते ना वांग्याला?" मी विचारलं.

ते वेदनेतही ओशाळं हसले. आमच्याकडचं लहान पोर सुद्धा वांगं जाळात टाकण्याआधी त्याला सुरीने टोचे मारतं. नाहीतर आतली वाफ कोंडते आणि हात लावला की वांगं फुटतं. फुटलेला गर हाताला असा चिकटतो की झटकला तरी निघत नाही. साहेबांना गरम गरम पाहिजे होतं, म्हणून ड्रायव्हर भाऊंनी घाईघाईने एक वांगं उचलून सोलायला घेतलं. ते नेमकं टोचे न मारलेलं निघालं. साहेबांची मर्जी राखायला निघालेला माणूस असाच हात भाजून घेतो. मी अंगणातल्या कुंडीतली कोरफड कापली, गर काढला आणि त्यांच्या तळहातावर थापला.

"मग गाडी कशी चालवली अशा हाताने?" मी विचारलं.

"मी कोठे चालाई, वहिनी. साहेबच म्हणनात, सरक तिकडे, मी चालावस. मी मांगे बसनू."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पारोळ्याच्या पुढे कापसाच्या जिनिंगवरून सायकलने घरी चाललेल्या एका मजुराला जीपची मागून धडक बसली. साहेबांनी पार्टीत काय काय घेतलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मजुराला दवाखान्यात टाकून हे तिघे निघून आले. त्याचा पाय मोडला होता. त्या संध्याकाळी अजून काही ठरलेलं नव्हतं, म्हणून ड्रायव्हर भाऊ खरं बोलले. आम्ही दोघी बायकांनी ते ऐकलं. मोरीच्या दाराआडून माझ्या नवऱ्यानेही ऐकलं असणार, कारण तेवढ्यापुरता आतला पाण्याचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मजुराचे नातेवाईक दवाखान्यातून मिळालेला जीपचा नंबर घेऊन ठाण्यात आले. मजुराला मागून धडक बसलेली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याला शुद्ध नव्हती, त्यामुळे गाडी कोण चालवत होतं ते त्याने पाहिलं नव्हतं. पाहिलेले होते तिघेच. साहेबांनी बाकी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि ती केबिन उघडली तेव्हा सगळं ठरलेलं होतं. तिघे तपासाच्या कामाला गेले होते. गाडी ड्रायव्हरच चालवत होता. साहेब शेजारी बसले होते. माझ्या नवऱ्याने तसा जबाब दिला आणि ड्रायव्हर भाऊंनीही तसाच दिला. थोडे दिवस निलंबन होईल, मग मी बघून घेतो, असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं. साहेबांची बढतीची फाइल वर गेलेली होती. ती वर गेलेली फाइल खाली येऊ नये, म्हणून एका माणसाने खाली यायचं.

मला हे कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते. ती तव्यावर टाकायची राहूनच गेली.

"त्यांचा हात भाजलेला होता. गिअर डाव्या हाताने टाकायचा, मग स्टिअरिंग कोणत्या हाताने धरणार होते ते?" मी नवऱ्याला विचारलं.

"तू कसाले पडस यामा?"

"कारण कोरफड मी लावली."

तो गप्प बसला. माझ्या नवऱ्याचा हा मोठा गुण. भांडायला उभं राहावं तर समोर कुणी नसतंच. मी आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला, मुलीसमोर त्याला नाही नाही ते बोलले. शेवटी एका सकाळी पट्ट्याचं बक्कल घासता घासता तो म्हणाला, "मनी मायले खांदा देयेल माणूस शे तो."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. माझ्या सासूबाई जळगावच्या दवाखान्यात होत्या तेव्हा याच साहेबांनी रजा दिली, रक्त देणारी माणसं पाठवली आणि त्या गेल्या त्या दिवशी स्वतः येऊन खांदा दिला. त्या साहेबांविषयी मला वाईट बोलता येत नव्हतं आणि चांगलं बोलावंसं वाटत नव्हतं. पण खांद्याची परतफेड दुसऱ्याच्या मानेने करायची, हे कुठलं इमान? मी हे बोलून दाखवलं. त्याने बक्कल घासून चकचकीत केलं आणि कामावर गेला.

पुढचं सगळं, कुणालाही आधीच सांगता आलं असतं तसंच झालं. साहेबांची बढती झाली आणि ते लांबच्या जिल्ह्यात गेले. जाताना ड्रायव्हर भाऊंच्या पाठीवर हात ठेवून गेले. नंतर त्यांचा फोन लागेना. ड्रायव्हर भाऊंची विभागीय चौकशी सुरू झाली आणि तिचा शेवट बडतर्फीत होणार अशी कुजबुज लाइनीत फिरू लागली. नोकरी गेली की क्वार्टर जाणार. त्यांचा मुलगा दहावीला होता. आतापर्यंत त्यांच्या घरी साखर मागायला जाणाऱ्या बायका आता त्यांच्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावायच्या. आणि आठ वाजता याच बायका मालिकेतल्या इन्स्पेक्टरवर अन्याय झाला म्हणून चुकचुकायच्या! माझं डोकं फिरायचं. एकदा तर मी उठून टीव्हीची पिनच काढली आणि सगळ्या जणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मीच गुन्हा केला होता.

शेजारीण मात्र यायची थांबली नाही. टीव्हीकडे बघत बसायची, पण बघायची नाही. एका संध्याकाळी जाहिराती चालू असताना ती हळूच म्हणाली, "अक्का, तुम्ही दखेल शे ना त्यासना हात?"

"पाहिला आहे."

"मंग सांगशात?"

तोवर मला कुणी हे विचारलंच नव्हतं. चौकशीत ज्याच्यावर ठपका आहे त्याला स्वतःच्या बाजूचे साक्षीदार देता येतात, हे तिने कुणाकडून तरी विचारून आणलं होतं. मी हो म्हटलं. एका दमात हो म्हटलं आणि मग रात्रभर पंख्याकडे बघत पडले. नवऱ्याच्या जबाबाविरुद्ध बायकोची साक्ष. त्याची नोकरी जायला तेवढं पुरेसं होतं. आमची मुलगी बारावीला होती. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण भिंतीपलीकडून रोज त्या पोराचा अभ्यासाचा आवाज यायचा, मोठ्याने पाठ करायची सवय होती त्याला, आणि तो आवाज ऐकत मला जेवण जात नव्हतं.

ड्रायव्हर भाऊ तयार नव्हते. बायकोने रडून, भांडून त्यांना माझं नाव द्यायला लावलं. मी नवऱ्याला साक्षीच्या आदल्या दिवशी सांगितलं. वाटलं होतं, आता तरी ओरडेल. तो म्हणाला, "किती वाजता शे?" आणि सकाळी त्याने स्वतःच मोटारसायकल काढली. मागे बसून मी त्याच्या पाठीकडे बघत होते. पांझरेच्या पुलावर मला एकदा वाटलं की त्याला सांगावं, गाडी वळवा, घरी जाऊ. पुढच्या क्षणी वाटलं की तो स्वतः आत येईल, माझ्याआधी बोलेल, आणि मला बोलायची वेळच येणार नाही. त्याने मला चौकशीच्या कचेरीच्या फाटकापाशी उतरवलं, गाडी कडुनिंबाखाली लावली आणि तिथेच उभा राहिला.

चौकशी करणारे अधिकारी बाहेरच्या शहरातून आलेले, सभ्य गृहस्थ होते. मला बसायला खुर्ची दिली. माझं त्या हवालदारांशी नातं काय, हे विचारताना त्यांचा पेन जरासा थबकला. मी सगळं सांगितलं. पार्टी, वांगं, टोचे, फोड, रुमाल, कोरफड. भाजलेल्या हाताने जीप चालवता येत नाही हेही सांगितलं. शब्द कुठे अडला नाही. वांग्याला टोचे मारण्याचा भाग त्यांनी दोनदा विचारून घेतला. मला वाटलं, नेम लागला. आता हे धरून पुढे जातील.

मग त्यांनी ड्रायव्हर भाऊंकडे बघितलं. "यांचं म्हणणं बरोबर आहे का? त्या दिवशी तुमचा हात भाजलेला होता?"

ड्रायव्हर भाऊ खिडकीसमोर उभे होते. त्या खिडकीतून फाटक दिसत होतं आणि फाटकापाशी कडुनिंबाखाली उभा असलेला माझा नवरा दिसत होता. त्यांनी एकदा बाहेर बघितलं. उजवा हात त्यांनी पाठीमागे नेला.

"नाही सर," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "हात नंतर भाजला, घरी. वहिनींचा दिवस चुकतोय. गाडी मीच चालवत होतो."

मी खुर्चीतून उठले. "खोटं बोलतायत हे! हात पुढे करा ना तुमचा!" मी म्हटलं. अधिकाऱ्यांनी मला शांत बसायला सांगितलं. पाणी मागवलं. डाग होताच तळहातावर, तो कुणी नाकारत नव्हतं. पण डागावर तारीख लिहिलेली नसते. ज्याला वाचवायला गेले होते तोच नाही म्हणाला, त्यावर मी काय बोलणार होते? माझी सही घेतली आणि मला जायला सांगितलं.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं.

"का असं केलंत? मी कशासाठी आले होते इथे?"

माझ्या नवऱ्याला ते भाऊ म्हणायचे. ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, तुमनं खरं ठरतं, ते भाऊनं खोटं ठरतं. मनी नोकरी गयी ते गयी. भाऊनी कसाले?"

आणि ते पायऱ्या उतरून गेले. कडुनिंबाखाली माझ्या नवऱ्यासमोरून जाताना त्यांनी मान हलवली, रोज ड्यूटीला जाताना हलवायचे तशीच. नवऱ्यानेही हलवली. मला त्या दोघांचा इतका संताप आला की सांगता येत नाही. एकाने साहेबासाठी दुसऱ्याचा गळा कापला, आणि दुसऱ्याने त्या गळा कापणाऱ्यासाठीच स्वतःची मान पुढे केली. त्यांना वाटत होतं ही मर्दानगी आहे, दोस्ती आहे. घरी बसलेल्या बाईचं, दहावीतल्या पोराचं, त्या मोडक्या पायाच्या मजुराचं या दोस्तीत काही देणंघेणंच नव्हतं. येताना मी मोटारसायकलवर बसले नाही. रिक्षाने आले.

ड्रायव्हर भाऊ बडतर्फ झाले. उन्हाळ्यात त्यांनी क्वार्टर सोडली. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा लाइनीतल्या बायका दारात उभ्या होत्या, यावेळी मोबाइल न घेता. शेजारणीने माझा हात धरला आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही बोलनात, तेवढंच." मला रडू आलं ते तिच्या जाण्याचं नव्हतं. माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नव्हता आणि तरी ती मला त्याबद्दल धन्यवाद देत होती, याचं होतं. आता ते गावी असतात. ड्रायव्हर भाऊ कुणाचा तरी टेम्पो चालवतात, असं ऐकलं.

त्याच सुमारास ती मालिका संपली. शेवटच्या भागात इन्स्पेक्टरने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळ्या कॅमेऱ्यांसमोर आपल्या गुरूचं नाव घेतलं. लाइनीत टाळ्या पडल्या. खिडक्यांतून ऐकू येत होत्या. माझ्या घरात माझा नवरा एकटाच टीव्हीसमोर बसला होता. त्याने टाळी वाजवली नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. पण त्याचे डोळे भरले होते, आणि ते मला सहनच झालं नाही. मी भांडी घासायला गेले आणि मुद्दाम मोठ्याने घासली.

पुढे आम्ही धुळ्यातच, देवपुरात फ्लॅट घेतला. नवऱ्याची बदली झाली, मुलगी नोकरीला लागली. त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. मी काढायची आणि तो पाणी प्यायला उठायचा. भरीत मी बंद केलं. माहेरहून वांगी आली तर शेजारीपाजारी वाटून टाकायची.

मागच्या हिवाळ्यात मुलगी घरी आली आणि भरीत पाहिजे म्हणून हटून बसली. तिला नाही म्हणता येईना. बाजारात जळगावची वांगी आली होती. मी गॅसवर जाळी ठेवली आणि एक वांगं त्यावर ठेवायला उचललं. इतक्या वर्षांत हाताची सवय मोडली होती, की मन दुसरीकडे होतं, कोण जाणे. सुरी तशीच ओट्यावर पडून होती. नवरा पाणी घ्यायला आत आला होता. माझ्यामागून तो पटकन म्हणाला, "टोचे मार वं पहिले. हात भाजी जास."

म्हणाला आणि थांबला. पेला त्याच्या हातात तसाच राहिला. मी मागे वळून बघितलं. माझ्या नवऱ्याला वांगी भाजण्यातलं काही कळत नाही. त्याने आयुष्यात कधी वांगं जाळावर ठेवलेलं नाही. टोचे न मारलेलं वांगं फुटताना आणि माणसाचा हात भाजताना त्याने एकदाच बघितलं होतं, आणि तो दिवस त्याच्या जबाबात नाही.

मी सुरी घेतली आणि वांग्याला टोचे मारत राहिले, लागतात त्याहून कितीतरी जास्त. त्या रविवारची खरी साक्ष माझ्या नवऱ्याने दिली ती ही एवढीच. ती ऐकायला स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.